टँक सुधारल्यावर क्लबात जाऊ, असं म्हणू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परिस्थिती साधारण अशी दिसते: पुण्यात वाघोलीच्या बाजूला नव्या सोसायटीत राहता. दोन फुटी प्लांटेड टँक, म्हणजे पाण्यात जिवंत झाडं वाढवलेला माशांचा टँक, लावून आठ महिने झाले. झाडं जगतात, पण नवी पानं वेडीवाकडी येतात, शेंडे पांढुरके पडतात आणि जुन्या पानांच्या कडांना काळी दाढी (केसांसारखं काळं शेवाळ) लागली आहे. व्हिडिओ बघून दोनदा लाईट बदललात, दुकानदाराने दिलेल्या तीन बाटल्या संपवल्यात. आता शहरातल्या प्लांटेड टँकवाल्यांच्या एका क्लबाचा पत्ता लागलाय. वर्षाला 1,200 रुपये वर्गणी आहे, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी भेटतात. तुम्ही विचारलंय, पैसे वसूल होतील का? नवख्याला हसतील का? आधी टँक जरा नीट करून मग जावं का? आणि आठ वर्षांच्या मुलीला सोबत नेलेलं चालेल का?

मुलीचं शेवटी सांगतो. पहिले तीन प्रश्न मला वेगळे वाटतच नाहीत. तिन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे: खराब टँक घेऊन चार जाणत्या माणसांसमोर जायचा संकोच. तो मलाही होता. माझा टँक 'दाखवण्यासारखा' होईपर्यंत मी दोन वर्षं थांबलो आणि त्या दोन वर्षांत घातलेल्या पैशांत चांगला कॅनिस्टर फिल्टर आला असता. आता सोळा वर्षं टँक ठेवतोय, त्यातली अकरा एका क्लबात, आणि मधली तीन वर्षं त्याचा खजिनदार होतो. तेव्हा वर्गणीचं काय होतं हेही आतून माहीत आहे.

क्लब कशासाठी, यावर बहुतेक जण 'शिकायला मिळतं' असं सांगतील. शिकायला घरबसल्याही मिळतं. प्रकाश किती, खत किती, झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड किती, हे सगळं आज फोनवर आहे आणि त्यातलं बरंच बरोबरही आहे. फोनवर नसतं ते तुमचं पाणी आणि तुमचा एप्रिल महिना. जर्मनीतला किंवा अमेरिकेतला माणूस हीटर कोणता घ्यावा यावर वीस मिनिटं बोलतो. आपल्याकडे प्रश्न उलटा असतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतल्या टँकचं पाणी 31-32 अंशांपर्यंत सहज चढतं. आपण पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावतो, बाष्पीभवन होतं आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. हीच युक्ती मुंबईत किंवा रत्नागिरीत तितकी चालत नाही, कारण हवेतच दमटपणा असतो. पुण्यातही जूनचा पाऊस सुरू झाला की पंख्याचा जोर ओसरतो. शिवाय पंख्यामुळे उडालेलं पाणी रोज भरावं लागतं. ते नळाचं भरलं तर पाणी उडतं पण क्षार मागे राहतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत टँकचं पाणी कळत नकळत जड होत जातं. हे मला एका क्लब सदस्याने त्याच्या गॅलरीत उभं राहून, वहीतले आकडे दाखवत सांगितलं होतं.

आता तुमच्या वेड्यावाकड्या पानांकडे येतो, कारण क्लब म्हणजे काय हे त्यावरूनच नीट सांगता येईल. फोटोवरून मी छातीठोक निदान करणार नाही. पण नव्या पानांत वाकडेपणा आणि शेंड्याला पांढुरकेपणा म्हटल्यावर मला पहिली शंका कॅल्शियमची येते. तुम्ही म्हणाल, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर 450 दाखवतोय, पाणी तर जड आहे, कॅल्शियम कमी कसं असेल? म्हणूनच माझा तुम्हाला पहिला प्रश्न आहे: सोसायटीत सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारा) प्लांट आहे का?

आमच्या क्लबात उंड्रीकडचे एक सदस्य होते. तुमच्यासारखीच तक्रार. त्यांनी लाईट बदलला, माती बदलली, आयर्न घालून पाहिलं. मीटिंगला ते एका बाटलीत घरच्या नळाचं पाणी घेऊन आले. आमच्यातल्या एका काकांनी जीएचचे, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजायचे, थेंब टाकले, आणि पहिल्याच थेंबाला रंग बदलला. म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास शून्य. केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, मात्र चांगला चढा. काकांनी वर न बघताच विचारलं, "सॉफ्टनर आहे ना तुमच्याकडे?" होता. टँकर आणि बोअरच्या पाण्याने गिझर आणि नळ पांढरे होतात म्हणून नव्या सोसायट्या तो बसवतात. त्यातली राळ कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडते आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडते. मीटर फक्त क्षार मोजतो, कोणते ते त्याला कळत नाही, म्हणून आकडा जवळपास तसाच राहतो. माणसाला वाटतं पाणी जड आहे, आणि झाडं कॅल्शियमवाचून कुपोषित. त्यांनी सॉफ्टनरच्या आधीच्या नळावरून बादलीभर पाणी आणायला सुरुवात केली आणि ते आरओच्या पाण्यात मिसळलं. महिन्या-दीड महिन्यात नवे शेंडे सरळ आले. जुनी पानं सुधारत नसतात, ती छाटायची.

असं निदान व्हिडिओवाला करू शकत नाही. तो हुशार नाही म्हणून नव्हे. त्याच्या गावात टँकर येत नाही आणि त्याच्या इमारतीत सॉफ्टनरमध्ये मिठाच्या गोण्या टाकणारा वॉचमन नसतो, एवढंच. आमच्या काकांनी हा प्रकार आधी चार घरांत पाहिला होता. माझ्या स्वतःच्या घरी, कोथरूडला, महापालिकेचं धरणाचं पाणी येतं. मीटर 90 ते 120 च्या मध्ये कुठेतरी असतो, पाणी मऊ असतं. माझा अनुभव जसाच्या तसा तुम्हाला दिला तर तुमचं नुकसानच होईल. म्हणून क्लबात गेल्यावर पहिल्यांदा हे शोधा की तुमच्यासारखं पाणी कुणाकडे येतं. सगळ्यात सुंदर टँकवाल्याच्या मागे लागण्यापेक्षा वाघोली-खराडीकडचा, टँकरचं पाणी वापरणारा, मध्यम टँकवाला माणूस गाठा.

सुंदर टँकवरून आठवलं. हसतील का, ही भीती बहुतेक वेळा स्पर्धेच्या फोटोंतून येते. जपानच्या ताकाशी अमानोंनी हा छंद जगभर नेला. त्यांच्या कंपनीची लेआउट स्पर्धा 2001 पासून चालते आणि तिथले फोटो बघून आपला टँक म्हणजे गवताचं डबकं वाटू लागतं. पण ते फोटो कसे काढतात हेही माहीत असू द्या. फिल्टरचे पाईप काढून ठेवतात. मागे पांढरा प्रकाश लावतात. कुणी हेअर ड्रायरने पाण्यावर तरंग उठवतं. तो टँक महिनोन्‌महिने वाढवलेला असतो आणि त्या एका दिवशी तसा दिसतो. पुढच्या आठवड्यात छाटणी झाली की तोही बोडका. आमच्या क्लबात स्पर्धेला फोटो पाठवणारे दोघं आहेत. त्यांच्या घरी बाल्कनीत एक टँक कायम हिरव्यागार शेवाळाने भरलेला असतो, कारण तो प्रयोगाचा. तो बघितल्यावर माझा संकोच गेला.

हसणारे लोक असतात का? असतात. दहातला एखादा असतोच, 'सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नसेल तर प्लांटेड कसलं' म्हणणारा. त्याला चहा द्यावा आणि दुसऱ्याशी बोलावं.

आता पैशांचं. खजिनदार म्हणून सांगतो, वर्गणी वसूल होते की नाही हे तुमच्या वापरावर आहे, पण ती कशावर खर्च होते हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आमच्याकडे तीन ठिकाणी जायची. एक, चाचणीचे संच. जीएच, केएच, नायट्रेट, फॉस्फेटच्या थेंबांच्या बाटल्या महाग असतात, त्यांची मुदत संपते, आणि एका घरात त्या वर्षातून सहादा वापरल्या जातात. सगळ्यांत मिळून एक संच पुरतो. दोन, कार्बन डायऑक्साइडचा एक जादा सिलिंडर, म्हणजे कुणाचा मध्येच संपला तर भरून येईपर्यंत उसना देता येतो. सिलिंडर अग्निशामक उपकरणं भरून देणाऱ्यांकडे भरून मिळतो, पण घरगुती छोटा सिलिंडर घ्यायला सगळेच तयार नसतात. कोण घेतो, कोण चाचणीची तारीख बघूनच भरतो, हे क्लबातच कळतं. (सिलिंडर कायम उभा ठेवा. आडवा ठेवून रेग्युलेटर उघडलात तर आतला द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ते कामातून जातं. उन्हात बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका.)

तिसरी गोष्ट खत. यात तुमची सगळ्यात मोठी बचत आहे, आणि बचत ऐकून तुम्हाला दुकानातल्या त्या तीन बाटल्यांचा राग येईल. टँकसाठी लागणारी मुख्य खतं म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट. द्राक्षबागायतदार हीच खतं ठिबकमधून देतात. कृषी सेवा केंद्रात 13:00:45 मागा, ते पोटॅशियम नायट्रेट. 00:52:34 मागा, ते फॉस्फेट. मॅग्नेशियम सल्फेट मागा, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक पिशवी. हिशोब बघा: 100 लिटर पाण्यात 1.6 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट टाकलं की नायट्रेट साधारण 10 पीपीएमने (लिटरमागे 10 मिलिग्रॅमने) वाढतं. तुमच्या दोन फुटी टँकमध्ये, दगडमाती वजा जाता, 50 लिटर पाणी धरू. आठवड्याला 0.8 ग्रॅम. किलोची पिशवी तुम्हाला वीस वर्षांहून जास्त पुरेल! म्हणून ती एकट्याने घेण्यात अर्थ नाही. दहा जणांत वाटून घेतात, आणि दहा जणांत वाटूनही ती दोन वर्षं पुरते.

इथे एक धोक्याची सूचना. दुकानदार प्रेमाने 19:19:19 देईल, 'सगळ्याला हेच चालतं' म्हणेल. शेतात चालतं. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, त्याने टँकमध्ये शेवाळ उसळतं आणि मासे दगावू शकतात. 12:61:00 सुद्धा नको, तेही अमोनियमचंच खत आहे. आमच्या एका सदस्याने पहिल्याच आठवड्यात हे केलं आणि कोळंबी सगळी गेली. त्याने पुढच्या मीटिंगला ते सगळ्यांना उघडपणे सांगितलं, म्हणून नंतरच्या नव्या माणसांनी ती चूक केली नाही.

यावर तुमच्या मनात येईल, मग हे सगळं इथे वाचून झालं, क्लब कशाला? खरं आहे, खताचे आकडे मिळाले. पण मऊ पाण्यात, सीओटू नसताना, तुमच्या लाईटवर 10 पीपीएम घालायचं की 3, हे टँक बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि न बघता सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

कुठल्या क्लबात जाऊ नये, हेही सांगतो. माझा ठोकताळा साधा आहे. पहिल्या भेटीत तुमच्या प्रश्नाला जे उत्तर मिळेल, ते कृती आहे की वस्तू, ते मोजा. 'लाईट सहा तासांवर आणा', 'पाणी आठवड्याला निम्मं बदला', 'मासे कमी करा', 'फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात धुवा' ही कृती. 'हा लाईट घ्या, माझ्याकडे आहे' ही वस्तू. चार उत्तरांत तीन वस्तू आल्या तर तो क्लब नाही, ते दुकान आहे, फक्त शटर नाही. दुकान वाईट असं नव्हे. पण दुकानाला वर्गणी देत नाहीत. दुसरं म्हणजे चालकांचा एक जुना टँक बघायला मागा, निदान दीड-दोन वर्षं न मोडता चाललेला. नवा टँक तीन महिने कुणाचाही छान दिसतो, कारण मातीत नवी पोषणद्रव्यं असतात. दोन वर्षं चालवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि तुम्हाला शिकायचंय ते तेच.

तिसरी खूण जरा नाजूक आहे. काही ठिकाणी 'फील्ड ट्रिप' म्हणून सह्याद्रीत जातात आणि झाडं-मासे उचलून आणतात. बघायला जरूर जा. आपल्या टँकमधली कितीतरी झाडं मूळची इथलीच आहेत. बकोपा म्हणून विकत घेतो ती ब्राह्मी. रोटाला मॅक्रांड्रा भारतातलीच. कास पठारावर पावसाळ्यात डबक्यांतून वर येणाऱ्या वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे, आणि तिथल्या गेंदाच्या जातीचे भाऊबंद जपानी टँकमध्ये मिरवतात. पण वायतुरा उपटून आणला तर घरच्या टँकमध्ये तो बहुधा टिकत नाही, कारण उन्हाळ्यात कोरड्या मातीत कंद होऊन झोपायची त्याला सवय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो त्या जागेचा आहे आणि त्या जागा थोड्या उरल्यात. केरळच्या नद्यांतला डेनिसोनी मासा, 'मिस केरळ' नावाने विकला जातो तो, छंदवाल्यांच्या मागणीपायी एवढा पकडला गेला की आज संकटग्रस्त जातींत मोडतो. ज्या क्लबात सहलीला प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन जातात तिथे मी जात नाही.

याचीच दुसरी बाजू: छाटलेली झाडं आणि नको झालेले मासे नदीत, तळ्यात सोडायचे नाहीत. सकरफिश आता उजनीत सापडतो तो दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेला नाही. आणि जलपर्णीचं काय होतं ते पुणेकराला मुळा-मुठेवरून दिसतंच. छाटणी उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत टाका, गुलाबाला छान लागते.

बरं, जायचं ठरलं तर जाताना काय न्यावं. घरच्या नळाचं पाणी अर्धा लिटर, स्वच्छ बाटलीत. सॉफ्टनरच्या आधीचा नळ सापडला तर त्याचंही वेगळ्या बाटलीत, वर लिहून. एक बिघडलेला शेंडा आणि काळी दाढीवालं एक पान, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत. टँकचा फोटो खोलीतले दिवे बंद करून, फक्त टँकचा लाईट चालू ठेवून काढलेला. आणि एका कागदावर लाईट किती तास, पाणी कधी आणि किती बदलता, मासे कोणते व किती, काय काय घालता. खाडाखोड झालेला कागद चालतो. छंदवाल्याला 'टँक बिघडलाय' असं सांगितलंत तर तो स्वतःच्या टँकची गोष्ट सुरू करतो. कागद पुढे केलात तर तुमच्या टँकवर बोलतो.

भेट म्हणून काही न्यायची गरज नाही, पण रिकाम्या हाताने जाववत नसेल तर तुमच्याकडे जे झाड नीट वाढतंय त्याची छाटणी न्या. 'माझ्याकडे तर साधं हायग्रोफिला आहे' असं म्हणू नका, कुणाला तरी तेच हवं असतं. न्यायच्या आधी मात्र ती पांढऱ्या बादलीत दोन दिवस ठेवून नीट तपासा. मी पहिल्या मीटिंगला मोठ्या उत्साहाने स्टेम प्लांटच्या सात जुड्या वाटल्या होत्या. त्यांच्यावर डकवीडची चार-दोन टिकल्याएवढी पानं चिकटलेली होती. महिन्याभरात सात घरांत पाण्यावर हिरवी साय आली. डकवीड एकदा शिरली की चमच्याने काढत बसावं लागतं, वर्षानुवर्षं. अकरा वर्षांनंतरही एक ताई मला 'डकवीडवाले' म्हणूनच ओळख करून देतात.

तुम्हाला मिळणाऱ्या झाडांचंही तेच. गोगलगाय, हायड्रा, काळी दाढी, सगळं फुकटच्या जुडीबरोबर येतं. घरी आणल्यावर आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवा, तुरटीच्या पाण्यात बुचकळून स्वच्छ धुवा. दुकानातल्या कपातली टिश्यू कल्चरची झाडं या बाबतीत निर्धोक, पण ती बाटलीत वाढलेली असल्यामुळे टँकमध्ये आल्यावर आधी वितळतात. क्लबातली जुडी पुण्याच्याच पाण्यात बुडून वाढलेली असते, तिला हा धक्का फार कमी बसतो. मला विचाराल तर वर्गणीची खरी वसुली इथेच होते. चार चांगल्या जुड्या दुकानातून घ्यायला गेलात की वर्गणीएवढे पैसे गेलेच.

काही बाबतीत मात्र क्लब तुमच्यासाठी नसेलही. रविवारची सकाळ हीच तुमची घरासोबतची एकमेव वेळ असेल तर नका गुंतू. आणि अनुबियास, जावा फर्न, चार मासे एवढाच साधा टँक ठेवून शांत बसायचं असेल, तर क्लबात जपून जा. तिथे 'अजून एक टँक'ची लागण होते. मी एका टँकसाठी गेलो होतो, एका वेळी घरात सात टँक झाले होते. बायकोने लाईटबिल फ्रिजवर चिकटवून ठेवलं, तेव्हा तीनवर आलो. महागडी उपकरणं बघून आपलं सामान कमी वाटू लागतं, आणि गरज नसताना माणूस खर्चात पडतो. पहिले सहा महिने क्लबात कुणाकडूनही काही विकत घ्यायचं नाही, फक्त झाडं घ्यायची-द्यायची, असा नियम स्वतःला घालून घ्या. मी नव्या सदस्यांना हेच सांगायचो आणि खजिनदाराने असं सांगितलं म्हणून विक्रेते सदस्य माझ्यावर नाराज असायचे.

ज्यांच्या गावात क्लब नाही अशा दोघांनी तुमच्या प्रश्नाखाली विचारलंय, एक नगरचे, एक सांगलीचे. त्यांनी मोठ्या क्लबाची वाट बघू नये. चार जण पुरेत. गावातल्या एखाद्या मासेवाल्या दुकानात जिवंत झाडांचा टँक असतो, ती झाडं कोण विकत नेतं हे दुकानदाराला ठाऊक असतं, त्याच्याकडून सुरुवात करा. पहिल्या भेटीत फक्त प्रत्येकाच्या नळाच्या पाण्याचा जीएच-केएच मोजून एका वहीत लिहा, गल्लीसकट. आमच्या क्लबाची सगळ्यात किमती गोष्ट अशीच एक दोनशे पानी वही आहे. कुठल्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा स्रोत बदलतो, कुठे पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास येतो आणि त्या आठवड्यात पाणी बदलायचं टाळायचं, हे सगळं तिच्यात आहे. सांगलीवाल्यांना खताची पिशवी शोधायला तर घराबाहेर फार लांब जावं लागणार नाही.

तर तुमच्यापुरतं सांगायचं, तर वर्गणी आत्ताच भरू नका. बहुतेक क्लब एक-दोन भेटींना पाहुणा म्हणून येऊ देतात, तसं विचारा. दोन भेटींत तुमच्यासारख्या पाण्याचा माणूस भेटला आणि उत्तरांत वस्तूंपेक्षा कृती जास्त निघाल्या, तर भरा. टँक तोवर आहे तसाच राहू द्या. लाईट सात तासांच्या वर जात असेल तर सहावर आणा, दाढीवाली पानं कापून टाका, त्या तिन्ही बाटल्या बंद करा, आणि तिसरा लाईट घेऊ नका. एवढ्याने टँक सुधारणार नाही कदाचित, पण बिघडणारही नाही, आणि बघणाऱ्याला मूळ दुखणं दिसेल. नीटनेटका करून नेलात तर दुखणं झाकलं जातं.

आणि मुलीला जरूर न्या. आमच्याकडे तीन-चार मुलं नेहमी असतात. मोठी माणसं नायट्रेटवर भांडत असताना तीच कोळंबीची पिल्लं आधी शोधून काढतात. फक्त घरून निघताना तिला दोन गोष्टी सांगा: काचेवर टकटक करायची नाही, आणि विचारल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. तिला कुणी गप्पीची पिल्लं देऊ केली तर लगेच हो म्हणू नका. ती काही महिन्यांत चाळीस होतात, आणि तुमचा टँक पन्नास लिटरचा आहे.